वाट वाकडी

दिवसभर मी वर-खाली असतो.
लिफ्टच्या खड्ड्यात, मग छपरावरच्या मशीनखोलीत,
सव्विसावा मजला, तळमजला, परत सव्विसावा.
शहर मला उभं माहीत आहे.
आडवं कळतं ते संध्याकाळी,
गुदैबियातल्या खोलीवर बूट काढून चपला चढवतो
आणि म्हणतो, जरा पाय मोकळे करून येतो.

खोलीत मराठी कुणालाच कळत नाही.
पायांना कळतं.

आधी सित्र्याच्या कॅम्पात होतो.
खिडकीसमोरच दुकान,
दारात टांगलेली केळी मोजता यायची.
मध्ये आठ पदरी रस्ता,
ओलांडायची सोय नाही.
केळ्यांसाठी शुक्रवारची बस.
दोन वर्षं मी ती केळी
नुसती पिकताना बघितली.

इथे गल्ली एवढी चिंचोळी
की एका भिंतीची सावली दुसरीला पुरते.
ऑगस्टात कुठला एसी कुणाच्या डोक्यावर गळतो
ते मला पाठ आहे.
शिंप्याच्या अलीकडचा,
मग ट्रॅव्हलवाल्याच्या पाटीवरचा.
पाऊल आपोआप डावीकडे पडतं,
गावी साकवाची तिसरी फळी टाळायचं तसं.

एका घराच्या भिंतीला थंड पाण्याचा नळ,
वर कुणाच्या तरी गेलेल्या आईचं नाव.
अक्षरं लागत नाहीत अजून,
पाणी लागतं.
पुण्य तिचं, तहान माझी,
साखळीला बांधलेला पेला दोघांचा.

शिंपी मोसलेहउद्दीन, नोआखालीचा.
मान वर करत नाही, चष्मा वर करतो.
तेवढीच ओळख.
पण मी तापाने चार दिवस दिसलो नाही
तर भट्टीवाल्याकडे चौकशी केली म्हणे,
तो उंच माणूस, ग्रीसवाला,
गेला का देशाला?
भट्टीवाल्याने हे मला सांगितलं
गरम खुबुस कागदात गुंडाळता गुंडाळता,
आणि कागद हाताला जरा जास्तच भाजला.

सरळ गेलो तर फेरी बारा मिनिटांची.
मला पाऊण तास लागतो.
सुलक्षणा फोनवर विचारते,
कुठे पोचलात?
कुठेच नाही.
मग चालताय कशाला?
तिला मांजरं सांगतो, गाडीच्या टपावरची सात,
बंद दुकानाच्या पायरीवर रंगलेला कॅरम सांगतो,
वेलचीचा वास कुठल्या वळणावर सुरू होतो ते सांगतो.
ती म्हणते, बरं, जेवा वेळेवर.

काल एका पांढऱ्या झग्यातल्या म्हाताऱ्याने
मला थांबवून रस्ता विचारला.
मला!
घड्याळं दुरुस्त करणारा कुठे बसतो?
अकरा वर्षांत माझ्याकडे लोकांनी
फक्त मजला मागितला होता.

मोडकी अरबी गोळा केली,
सीदा, बादेन यसार,
बाकीचं बोटाने.
नखातलं ग्रीस निघालेलं नव्हतं.
तो त्या काळ्या बोटाच्या दिशेने निघाला,
काठी टेकत, सावकाश.
मी बघत उभा राहिलो, बरोबर वळतो का.

वळला.
फक्त त्या एसीखाली भिजला.
ते सांगायचं राहूनच गेलं.