पाण्याची पाळी

वादी कबीर, गल्ली एकोणीस.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, इशाची नमाज झाली की
शाळेच्या ग्रंथालयात पहिलीच्या खुर्च्यांवर
आम्ही सात मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतो.
इतिवृत्त माझ्याकडे. अक्षर बरं आहे म्हणून,
आणि चहाला मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं म्हणून.

बलदियाला आम्ही फक्त सुचवायचं.
पण वर्षाचे सहाशे रियाल आमच्या हातात,
पावत्या जोडून; उरले तर परत.
गेल्या वर्षी गटाराची झाकणं झाली.
त्याआधी कोपऱ्यावरचा दिवा,
जो अजून मनात येईल तेव्हा लागतो.

यंदा बसथांबा.
दुपारी तिथे माणसं एका खांबाच्या सावलीत
एकामागे एक उभी असतात.
सावली सरकते, रांग सरकते.

खल्फान काका म्हणाले, पत्रा टाका.
चार खांब, पंधरा दिवस, विषय संपला.
कुंजुमोल सिस्टर म्हणाली, गाफ लावू.
तिने आणलेली डहाळी हातात घेतली आणि ओळखली मी:
ही तर शमी.
अज्ञातवासाला निघताना
हत्यारं जिच्यावर ठेवून जातात, ती.
सावली कधी पडेल? कोणीतरी विचारलं.
दहा वर्षं. बारा धरा.

हात वर.
पत्र्याला काका आणि त्यांचा भाचा.
झाडाला सिस्टर, जिचा करार दोन वर्षांचा;
पार्लरवाली मारितेस;
गाड्या रंगवणारा शफीकुल, ज्याचं कार्ड फेब्रुवारीत संपतं;
आणि मी, नवऱ्याच्या कागदावर राहणारी.
सुदानी गणिताच्या सरांनी दोन्हीकडे हात वर केला.
सात माणसं, आठ मतं. तसंच लिहिलं.

काका कितीतरी वेळ हसत होते.
“तुम्ही सगळे जाणार. पाणी कोण घालणार, मी?”
“फेब्रुवारीपर्यंत मी,” शफीकुल म्हणाला.

म्हणून मी बारा रकान्यांचा तक्ता आखला.
डावीकडून नावं भरत गेले:
जानेवारी शफीकुल, फेब्रुवारी शफीकुल,
मार्च सिस्टर, एप्रिल मी.
मे महिन्याशी पेन थांबलं.
मेमध्ये आम्ही सगळेच सुट्टीची तिकिटं बघतो.

काकांनी कागद ओढून घेतला,
आणि त्यांच्या लिपीला सवय तसं
उजव्या टोकाकडून सुरू केलं:
डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर.
कपाळाला आठ्या, ओठांत काहीतरी पुटपुटत,
ते माझ्या अक्षराच्या दिशेनं येत राहिले.