कानाडोळा

टॉडमॉर्डनला जानेवारीत आकाश मिळतं ते
रेशनच्या रॉकेलसारखं, मोजून, रांगेत उभं राहून.
आज साडेदहाला ढग फाटले
तशी शेजारच्या आर्नल्ड सटक्लिफने
मधल्या भिंतीवर काठी ठोकली. तीनदा.
हॅलिफॅक्सच्या एक्स-रे विभागातला गणवेशही न बदलता
मी दोन स्वेटर चढवले आणि मागच्या दाराने गेले.

त्याची दुर्बीण म्हणजे सांडपाण्याचा पाइप,
तळाशी आठ इंची आरसा, संपाच्या हिवाळ्यात
स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती फिरत फिरत
हाताने घासलेला.
माग बंद होते, म्हणाला, हात काय करणार?

गिरणीच्या धुराड्याच्या उजवीकडे मृग.
मी हरीण म्हणते, तो शिकारी.
माझ्या हरणाच्या पोटात रुतलेला बाण
तोच त्याच्या शिकाऱ्याचा कमरपट्टा.
आठ वर्षं वाद चालू आहे,
कुणाचं कुणाला पटलेलं नाही.

बाणाखाली तेजोमेघ :
पाटी पुसल्यावर उरतो तेवढा खडू.
त्याच्या पोटात चार तारे,
घाईत ठोकलेल्या चौकटीसारखे, जरा तिरके.
पाचवा मला नोव्हेंबरात दिसला.
सहाव्याच्या माझ्या वहीत सतरा नोंदी,
सतराच्या सतरा ‘नाही’.

आर्नल्डला ‘नाही’ आवडतं.
नाही हेसुद्धा निरीक्षणच, म्हणतो,
‘बहुतेक’ लिहिणाऱ्यांनी कविता कराव्यात.

सहावा कुठे असतो हे त्याने कधी सांगितलं नाही.
सांगितलं तर तुला तिथेच दिसेल.
मीही नकाशा उघडला नाही,
कारण विभागात रोज बघते :
‘इथे बघा’ म्हटलं की
इथे सावली सापडतेच.

सुरुवातीला हवा वाईट.
फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत होते चारही.
आरशावर दव नको म्हणून तो
बायकोचा जुना हेअरड्रायर धरून उभा,
बोटं निळी, बोलणं बंद.
मी डोळ्यांत तेल घालून बघत होते
आणि तेच चुकत होतं.

अंधुक ताऱ्याकडे रोखून पाहिलं की तो जातो.
बुबुळाच्या मधोमध अंधार दिसत नाही माणसाला,
कडेला दिसतो.
म्हणून नजर बाजूला सारायची,
शेजारच्या रिकाम्या काळ्यावर ठेवायची
आणि त्याच्याकडे चक्क कानाडोळा करायचा.
माझ्या आईला हे जमायचं. पाहुण्यांकडे न बघता
कुणाचं ताट रिकामं झालं ते तिला कळायचं.

मग हवा थांबली.
एक श्वासभर, फार तर दीड.

‘आर्नल्ड.’
‘कुठे?’
‘चौकटीच्या आत नाही. बाहेरच्या अंगाला.
सगळ्यात तेजस्वी जो, त्याला बिलगून,
आईच्या पदराआडून बघणाऱ्या पोरासारखा.’
‘पोर राहू दे. कुठल्या बाजूला?’
मी हाताने दाखवलं.
दुर्बिणीतलं सगळं उलटं असतं,
त्याने मनातल्या मनात उलटं केलं,
वेळ घेतला,
ड्रायर बंद केला.

‘लिही,’ म्हणाला.

हातमोजा दातांनी ओढून मी लिहिलं :
अकरा बावन्न. सहावा. हो.
पेन्सिलचं टोक त्या ‘हो’मध्ये मोडलं.

मग तो वाकला.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
डाव्यात त्याहून वाईट काहीतरी,
ज्याचं नाव तो डॉक्टरांसमोरही घेत नाही.
बराच वेळ वाकून राहिला.
धुराड्यामागून ढग निघालेले मला दिसत होते,
मी सांगितले नाहीत.

उठला तेव्हा त्याने वही मागितली,
खिशातून स्वतःची पेन्सिल काढली,
आणि माझ्या ओळीखाली, सरळ ठसठशीत अक्षरात :
ए. एस. आठ इंच. अकरा अठ्ठावन्न.
पाचवा, नाही. सहावा, नाही.

तारीख घालायची मी विसरले होते.
ती त्याने घातली.