दोन तिरक्या रेघा

औलू, नोव्हेंबर. तीनलाच दिवस संपत आलेला.
सैमीनं फोन खिडकीच्या काचेला टेकवला;
बाहेर बाप फावड्यानं बर्फ ओढतोय.

कॅमेरा उजेड वेगळा देतो, रंग वेगळा.
उजेड ज्याचा त्याला,
रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक,
चार भावंडांत एक पांघरूण तसा.

तिनं दोन्ही जुळवले, सेकंदाला तीसदा.
बर्फ पांढराच राहिला.
बापाची नारिंगी टोपी निळी झाली.

दोन अक्षरं उलटीपालटी, इतकंच.

बाप बूट झटकत आत आला, वाकला.
"राहू दे की. या वेळेला
तुझ्या आईची टोपी अशीच दिसायची."

फोन तापला होता.
तिनं नवी ओळ लिहिली. टोपी नारिंगी.
जुनी पुसली नाही;
तिच्याआधी दोन तिरक्या रेघा
ओढल्या फक्त.