मागची बाजू

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत माझं कटिंग मशीन.
लग्नसराईत दिवसाला चार हजार पत्रिका,
आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेला उरते
चार बोटं रुंद, मलईरंगी पट्टी.
रद्दीवाला किलोला अकरा रुपये देतो म्हणतो.
मी देत नाही.
अडीच बाय साडेतीन इंच,
एवढ्या जागेत एक माणूस मावतो.

पहाटे साडेचारला, तालमीत शड्डू घुमायच्या आधी,
माझ्या मोबाईलवर अमेरिकेतली संध्याकाळ असते.
माझा संघ, नेहमीसारखा, हरत असतो.
बायको कूस बदलत विचारते,
"त्यास्नी ठावं तरी हाय का तुम्ही जागं हाय ते?"
नाही.
त्यांची कार्डं छापायला तिकडं कारखाने आहेत.

इथं पेठांचा फुटबॉल असला की गॅलरी फुटते.
जिल्ह्याच्या पोरी बेसबॉल खेळतात भर दुपारी,
बघायला तेरा माणसं,
त्यातले दोघं स्कोअरर,
आणि एक बर्फगोळेवाला, तोही पाठ करून.

म्हणून मी छापतो.
मृणाली हुजरे, उचगाव. डावखुरी पिचर. बावन्न स्ट्राइकआउट.
आकड्यांखाली पुसट सोनेरी, अर्धंच कापलं गेलेलं
'आमच्या येथे श्रीकृपेक'.
एस्तेर भोसले, कॅचर. तिच्या मागच्या बाजूला
'आत्याच्या लग्नाला यायचं हं!'
खोडलं नाही मी ते.
यायचं हं, असं मलाही म्हणायचंच होतं
सगळ्या गावाला.

शमा नदाफ, कागल. शॉर्टस्टॉप.
फायनल सांगलीशी. शेवटची इनिंग, दोन बाद,
तिसऱ्या बेसवर त्यांची पोरगी पाय घासत उभी.
उतारावरनं लिंबू यावं तसा
साधा, घरंगळत आलेला बॉल
शमाच्या दोन पायांमधून गेला.

कार्डावर मी एररच्या रकान्यात शून्य टाकलं.
बघितलंय कुणी?

चौथ्या दिवशी आली, एमआयडीसीतली शिफ्ट सुटल्यावर.
कार्ड काउंटरवर पालथं ठेवलं.
"काका, हे कुणाचं?"
"तुझंच की."
"माझं न्हाई. माझ्याकडनं एक सुटलाय.
अडतीस धरलेलं लिवलंय न्हवं?
सुटलेला लिवला न्हाई
तर धरलेलं कोण खरं मानंल?"

चहा सांगितला, तो निवला.
नवीन कार्डाची शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत राहिली,
मग एसटीच्या पासामागं सरकवून
बेस चोरावा तशी रस्ता ओलांडून पळाली.

जुनं माझ्या गल्ल्यात आहे, चिल्लरच्या खाली.
छपाईत चूक राहिलेलं कार्ड
पुढं मोठ्या किमतीला जातं म्हणतात.
जाऊ दे.
चूक माझी आहे,
आणि कार्डावर ती कुठंच दिसत नाही.