तालुकावार तक्ता

वरून तक्ता मागवलाय :
तालुका, साल, हत्यार, कारण.
सांगलीत मुजावर मॅडम पट्टीनं रेघा मारतात.

जतला दोन. तासगावला एक, वरातीत,
क्लॅरिनेटवाल्याच्या दंडाला चाटून गेलेली.
मिरजेला रकाना पुरेना,
खाली कागद डिंकानं चिकटवला.

कारणात बहुतेक 'किरकोळ'.
बांध. टपरीची उधारी. स्टेटसला ठेवलेला फोटो.
कट्टे कपाटात, गळ्यात चिठ्ठ्या घालून,
बालवाडीत पहिल्या दिवशी पोरं बसतात तसे.

विट्याला शून्य.
न लागलेली धरायची नाही,
पत्रकातच आहे तसं.

यंत्रमागांच्या गल्लीत
तारळेकरांच्या चौकटीत ती अजून रुतलेली.
शेजारी खिळा ठोकून
वहिनी दुधाची पिशवी अडकवतात,
आणि बेल वाजली
की आधी लाईट घालवतात.