उंबऱ्यावर

फोनवर एवारिस्तो एवढंच म्हणाला,
"डॉक्टर, पेरितो मोरेनोकडे येणार असाल तर
माझ्याकडे वळा. कुत्रं आहे."
काय झालंय, मी विचारलं नाही.
तिसोनचं वय मला ठाऊक होतं
आणि या माणसाचा स्वभावही:
हा कुत्र्यासाठी फोन करणाऱ्यातला नव्हे.

एकशे चाळीस किलोमीटर खडीचा रस्ता,
पाटागोनियाचा आडवा वारा.
ग्वानाकोंचा कळप कुंपणापाशी
वाऱ्याकडे पाठ करून उभा.
शेजारच्या सीटवर पेटी,
पेटीत दोन सिरिंज. एक झोपेची,
एक झोपेनंतरची.

तिसोन म्हणजे कोलीत.
काळाभोर, छातीवर राखेचा पट्टा.
चौदा वर्षं मेंढ्या वळवल्या त्याने.
आता मागचे पाय त्याचे राहिले नव्हते.
पडवीत, मुतात भिजलेल्या कातड्यावर पडून
मला पाहून त्याने शेपूट आपटली,
एकदाच,
रीत म्हणून.

"आधीची सहा मीच पाठवली," म्हातारा म्हणाला.
"टेकडीमागे. एक कुत्रं, एक काडतूस.
आवाज कानात पोचायच्या आत संपलेलं असायचं.
क्रूर म्हणायचं तर म्हणा."
मी म्हटलं नाही.
नेम पक्का असेल तर तेही सुखाचंच मरण,
हे मी चार लोकांत बोलणार नाही,
पण मला माहीत आहे.
मग त्याने उजवा हात पुढे केला,
टेबलावर ठेवावा तसा हवेत ठेवला,
आणि तो कसा हलतो ते
आम्ही दोघं बघत राहिलो.
"म्हणून तुम्ही," तो म्हणाला. "दयाबिया काही नाही."

पडवीत धुळीने शीर सापडेना.
मी म्हटलं, आत घेऊ या, चुलीपाशी, उजेडात.
कातड्याची दोन टोकं त्याने धरली, दोन मी.
दाराशी आलो
आणि तिसोनने पुढचे पंजे रोवले.
पिल्लू असताना एकदाच, चपलेने,
त्याला सांगितलं होतं की घर माणसांचं.
चौदा हिवाळे त्याने ते पाळलं.
"चल रे," म्हातारा म्हणाला, "आज चालतं."
कुत्र्याने त्याच्याकडे असं पाहिलं,
की मालक चुकतोय,
आणि ते आपणच पोटात घालायला हवं.

शेवटी एवारिस्तो उंबऱ्यावर बसला,
पाठ चौकटीला, पाय बाहेर पडवीत,
आणि ते काळं डोकं मांडीवर ओढून घेतलं.
मी वाऱ्याला पाठ देऊन गुडघ्यांवर.
शीर मिळाली.

"पहिल्या सुईने झोपेल. दुसरी त्याला कळणार नाही."
"ऐकू किती वेळ येतं?"
"सगळ्यात शेवटी कान जातात म्हणतात."
त्याने ओठ ओले केले. नुसती हवाच आली.
पुन्हा केले, तेव्हा आली
ती बारीक, उतरती शिट्टी
जिचा अर्थ: बास, सोड मेंढ्या, मागे ये.
डावा कान वळला.
शिट्टीने की औषधाने, कोण सांगणार.
मी दुसरी सिरिंज उचलली.

नळीतून आधी वाराच ऐकू आला,
मग तेवढाच.
"गेला," मी म्हटलं.
हा शब्द मोठ्याने म्हणावा लागतो,
नाहीतर माणसं कुरवाळतच राहतात.
तो तरीही कुरवाळत राहिला.

पॉप्लरच्या रांगेमागे खड्डा तयार होता,
कडा वाळलेल्या, निदान तीन दिवसांच्या.
त्याच हाताने खणलेला.
पैसे मी घेतले नाहीत, तर
फडक्यात गुंडाळलेलं अर्धं कोकरू
माझ्या गाडीत ठेवून तो घरात गेला.

फाटकापर्यंत गाडीला शर्यत लावायची
ही तिसोनची जुनी खोड.
मी सवयीने गाडी हळू चालवली.
उतरले, फाटक उघडलं, गाडी बाहेर काढली,
पुन्हा उतरले, कडी लावली,
ती लागली का, हाताने ओढून पाहिली.
मेंढ्या बाहेर पडल्या तर
आता वळवायला कुणी नाही.