उलट्या पावलांनी

रविवारी अरुस्याक चर्चमध्ये जाते
आणि मी बाहेर तिच्या कुत्र्याला धरून उभी राहते.
अकरा वर्षं हीच आमची वाटणी :
तिच्याकडे देव, माझ्याकडे चालो.

ग्युम्रीच्या थंडीत भिंतींचा काळा दगडही कुडकुडतो.
चालो येऊन माझ्या बुटावर बसतो.
उजव्याच. डाव्यावर कधीच नाही.
बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं,
असल्या गोष्टी माझ्या आपोआप मोजल्या जातात.

ती बाहेर येते ती पाठमोरी.
आमच्याकडे वेदीला पाठ दाखवत नाहीत,
म्हणून सगळेच असे निघतात, उलट्या पावलांनी,
हळूहळू, उंबरठा टाचेने चाचपत,
जणू आत्ताच कुठे डोळा लागलेलं बाळ
आत ठेवून निघालेत.
चालोला वासावरून कळतं, यातली तिची पाठ कुठली.
मला कोटाच्या उसवलेल्या शिवणीवरून.
(शिवून देते म्हटलं, तर ऐकत नाही.)

मग तिच्या स्वयंपाकघरात कॉफी,
आणि ताटलीभर गाता, कालचा, कडा जरा करपलेल्या.
कॉफी संपली की कप बशीत उपडा करायचा.
थांबायचं.
तिने गाळात डोकावायचं :
"रस्ता आहे. आणि एक मासा."
"गाळ आहे, अरुस्याक."
"गाळच आहे. पण माशासारखा."
कप मात्र मी दर वेळी उपडा करते.
हे कुणाला सांगत नाही.

भूकंपानंतर मी देवाशी बोलणं टाकलं.
ती तेव्हापासूनच बोलायला लागली.
यावरून आम्ही एकदाच भांडलो, पावाच्या रांगेत,
आणि भांडता भांडता तिला चक्कर आली
तेव्हा मी तिची जागा धरून ठेवली.
विषय तिथेच राहिला.

या जानेवारीत ती बर्फावरून घसरली.
खुब्याचं हाड.
हॉस्पिटलातून फोन : "एक मेणबत्ती लावशील?
वाळूत, डाव्या कोपऱ्यात, गागिकसाठी लावते तिथे.
आणि चालोला चीज देऊ नकोस, पोट बिघडतं त्याचं."
दोन्ही वाक्यं एकाच सुरात.

गागिक तिचा.
माझ्या वर्गात होता. तिसरा बाक, खिडकीकडचा.
त्या दिवशी मी तापाने घरी होते.

चालोला कठड्याला बांधलं आणि आत गेले.
पेन्सिलीएवढी मेणबत्ती.
लावली तर कलली. सरळ केली, पुन्हा कलली.
काय म्हणतात अशा वेळी, ते मला येत नव्हतं.
मी म्हटलं,
सात चोक अठ्ठावीस.
तिथेच अडायचा तो नेहमी.
मग वाटलं, एवढ्यावर कसं सोडायचं,
म्हणून सात दाहे सत्तरपर्यंत नेलं, हळू आवाजात,
शेजारची बाई मला भाविक समजून
जरा सरकून उभी राहिली.

निघताना आठवलं : पाठ नाही दाखवायची.
मोजून सहा पावलं मागे आले
आणि सातव्याला चालोवर आपटले.
गाठ सोडवून तो आत आला होता,
दारातल्या फरशीवर पसरला होता निवांत,
त्याच्या आजवरच्या आयुष्यात
आत येऊ न दिलेल्या सगळ्या रविवारांसकट.
मेणबत्त्या विकणारी म्हातारी तोंडावर रुमाल धरून हसली.
पाद्र्याने पुस्तकात डोकं आणखी खाली घातलं.
मी बसल्या जागी बसून राहिले. कंबर दुखत होती.
चालो उठला
आणि माझ्या उजव्या बुटावर येऊन बसला.

संध्याकाळी थर्मासमधून कॉफी नेली.
सगळं सांगितलं, पाढा सोडून.
अरुस्याक इतकी हसली की नर्स रागावली.
मग तिने माझा कागदी कप उपडा केला,
बशी नव्हती, गाळ सगळा चादरीवर.
"काय दिसतंय?" मी विचारलं.
तिने चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.
"दोन बायका," म्हणाली. "आणि हा एक डाग.
तो बहुतेक चीज खाऊन आलाय."